हरळी

क्रिकेटचा हंगाम कोणता, असे नागपुरात कुणालाही विचारा. तो म्हणेल, दिवाळीपासून होळीपर्यंत. उरलेले महिने मैदान रिकामे पडलेले असते, अशी आपली समजूत असते. खरे तर मैदान तयार होते ते त्याच महिन्यांत. माझी आई सहा वर्षांपासून पावसाळ्यात शहरातल्या एका मैदानावर रोजंदारीला जाते. गेल्या पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मीही तिच्यासोबत जाऊ लागले.

तिथे या दिवसांना ‘ऑफ सीझन’ म्हणतात. आमच्या घरी मात्र हाच सीझन! मृगाच्या सरी येऊन माती भिजली की काम सुरू होते. खेळाने उखडलेल्या जागा उकरायच्या, वाळू आणि माती मिसळून पसरायची, फळीने सारखी करायची आणि मग ओणवे होऊन वीतभर अंतरावर गवताच्या कांड्या खोचत जायचे. आई भंडाऱ्याकडची. तिच्या दृष्टीने ही धानाची रोवणीच.

पहिल्या वर्षी मुकादमाने सांगितले होते, की गवत ‘बर्म्युडा’ जातीचे आहे. आईने एक कांडी हातात घेतली, पेरे चाचपले आणि ती हसली. “हे तं आपली हरळी हाय वं!”

ती खरेच हरळीच्या कुळातली होती. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. आईने उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले. हरळीची एक कांडी मातीत राहिली तरी ती पुन्हा फुटते, म्हणून शेतकरी तिला वैरी मानतो. मैदानाला नेमका तोच गुण हवा असतो. बुटांच्या खिळ्यांनी तुडवले तरी हे गवत पुन्हा उठते. खेळपट्टीची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. तिला धरून ठेवतात ती याच गवताची मुळे.

या माती-गवतावर केवढे अवलंबून असते! २००४ साली सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर हिरव्या खेळपट्टीवर भारत ऑस्ट्रेलियाकडून ३४२ धावांनी हरला. २०१५ साली जामठ्याला दक्षिण आफ्रिकेचा डाव ७९ धावांत आटोपला आणि आयसीसीने खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. २०२२ साली तिथेच मैदान ओले राहिल्याने वीस षटकांचा सामना आठ षटकांवर आला. २०२५ च्या मार्चमध्ये विदर्भाने जामठ्यालाच रणजी करंडक जिंकला, तेव्हा सारी वस्ती टीव्हीसमोर नाचत होती. आई मात्र खेळाडूंच्या पायांखाली पाहत होती. “गवत चांगलं धरलं हाय,” एवढेच ती म्हणाली.

पाऊस सरला, गवताने जमीन झाकली, की बायांचे काम संपते. खेळ सुरू होतो तेव्हा त्या पुन्हा दुसऱ्यांच्या वावरात असतात.

शेवटच्या दिवशी मस्टरवर अंगठा लावताना आईने मला विचारले, “माह्या नावापुढं काय लिवलं हाय वं?” आमच्या घरात ते वाचता येणारी मी पहिलीच. तिथे लिहिले होते, ‘अकुशल’. मी तिला अर्थ समजावून सांगितला : ज्याला कामाचे कसब नाही, असा मजूर.

आईने शाईचा अंगठा पदराला पुसला आणि मैदानाकडे पाहिले.

“असं का? मंग एकदा हरळीले बी इचारून घ्या म्हणा.”