मामाची कॅसेट आणि मी नापास केलेली सीडी

दोस्तांनो, पेपर तपासताना बाईंची चूक झाली तर तुम्ही काय करता? पेपर घेऊन थेट टेबलापाशी येता आणि म्हणता, "बाई, माझा एक मार्क द्यायचा राहिलाय." मग बाई बेरीज पुन्हा करतात, लाल पेनानं आकडा खोडतात आणि नवा लिहितात. माझ्या वर्गात हे दर चाचणीला होतं. मला त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर थोडासा येतो, पण मी दाखवत नाही.

आज मी असाच एक पेपर पुन्हा तपासायला काढलाय. मार्क वाढवून मागायला कुणी आलेलं नाही, माझी मीच काढलाय. हा पेपर आठ गाण्यांचा आहे. २०१२ साली मी तो एका बैठकीत ऐकला आणि सरळ नापास केला.

पण त्याआधी मामाची गोष्ट सांगायला हवी.

माझा मामा मुंबईला नोकरीला होता. आपल्या रत्नागिरीत घरटी एखादा चाकरमानी असतोच, तसाच हा आमचा. गणपतीला एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचा. त्याच्या बॅगेत आजीसाठी चहापूड, आमच्यासाठी पेन्सिली आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या कॅसेटी असायच्या. तुमच्यापैकी अनेकांनी कॅसेट पाहिलीही नसेल. वहीच्या निम्म्या आकाराची प्लॅस्टिकची चपटी डबी आणि आत दोन चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. एक बाजू संपली की काढायची, उलटायची, पुन्हा घालायची. फीत बाहेर आली की चाकात पेन्सिल खुपसून गरागरा फिरवायची. आमच्याकडे ते काम माझं होतं.

१९९६ च्या गणपतीत मी तिसरीत होते. त्या वर्षी मामानं एक कॅसेट आणली आणि आरत्या आटपल्यावर मागच्या पडवीत हळूच लावली. गाणी इंग्रजी होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण ती गिटार! आमच्या गावात नमन-खेळ्यांचा मृदंग होता, जाखडीचा ढोल होता, भजनाची पेटी होती. गिटार कुणाकडेच नव्हती. वीज चमकल्यावर क्षणभर सगळं पांढरं दिसतं ना, तसं काहीतरी माझ्या कानांचं झालं.

"कुठल्या देशातले रे हे?" मी विचारलं.

"मुंबईतले," मामा म्हणाला. "महेश तिनईकर, उदय बेनेगल. नावं बघ की!"

बँडचं नाव होतं इंडस क्रीड. १९८४ मध्ये मुंबईत तो सुरू झाला तेव्हा त्याचं नाव रॉक मशीन होतं. रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम आणि जोरदार गाणं असा प्रकार. मूळ अमेरिकेतला, तिथून इंग्लंडमार्गे जगभर पोचलेला. त्या काळात आपल्याकडचे बँड बहुतेक परदेशी गाणीच वाजवायचे, आणि ऐकायला आलेल्यांना तीच हवी असायची. एखाद्यानं स्वतःचं गाणं सुरू केलं, तर लोक चुळबुळ करायचे. तरी या मुलांनी स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, रॉक अँड रोल रेनेगेड. १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. त्यात आपल्याकडच्या संगीताचा रंगही मिसळला. मामानं त्यांना धोबीतलावच्या रंगभवनात उभं राहून ऐकलं होतं. तो हे इतक्या वेळा सांगायचा, की आपणही तिथं होतो असं मला वाटायला लागलं.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, बँड फुटला. माझं नशीब बघा. मी ज्यांची चाहती झाले होते ते आता वाजवणारच नव्हते! मैत्रिणींचे आवडते गायक दर महिन्याला नवं गाणं आणायचे. माझ्याकडे आपल्या त्याच कॅसेटी. मी त्या इतक्या ऐकल्या, की एका गाण्यात फीत जिथे चुरगळली होती तिथला घरघर आवाजही मला पाठ झाला. आज तेच गाणं फोनवर स्वच्छ ऐकताना त्या जागी काहीतरी गाळलंय असं वाटतं.

वर्षं गेली. मी डी.एड. झाले, शिक्षणसेवक म्हणून शाळेत लागले. तिकडे मामाचा कारखाना बंद पडला. सेहेचाळिसाव्या वर्षी तो मामी आणि दोन मुलांना घेऊन गावी आला. आंब्याची कलमं बांधायला शिकला, जुना टेम्पो घेतला, पेट्या वाहू लागला. ज्या मामाला आम्ही इस्त्रीच्या शर्टात बघायचो, तो खांद्यावर पंचा टाकून रत्नागिरीच्या बाजारात उभा असायचा. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, मागून बोलायचे.

आणि २०१२ मध्ये बातमी आली की इंडस क्रीडचा नवा अल्बम आलाय! १९९५ नंतर थेट २०१२, म्हणजे सतरा वर्षांनी. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले होते. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया हे जुने तिघं. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघं नवे. अल्बमचं नाव इव्हॉल्व, म्हणजे बदलत-घडत जाणं.

मामानं सीडी मागवली. गणपतीत मी गेले तेव्हा टेम्पोतच बसवून मला ऐकवली. मी ऐकलं. आठही गाणी ऐकली, हं! आणि म्हटलं, "मामा, हे ते नाहीत."

"म्हणजे?"

"गाणी लांबलचक झाली. पटकन तोंडात बसत नाहीत. आवाजही पूर्वीचा नाही. या वयात कशाला पुन्हा सुरू करायचं? आधी होते तेच बरे होते."

मामा काही बोलला नाही. सीडी काढली, शर्टानं पुसली, कव्हरात घातली आणि म्हणाला, "चल, आरतीची वेळ झाली."

दोस्तांनो, मी चोवीस वर्षांची होते, शिकलेली होते, मुलांना शिकवतही होते. तरी माझ्या लक्षात आलं नाही की हे वाक्य मी कुणासमोर बोलले.

आता दुसरी गोष्ट. ही यंदाचीच आहे.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे बाबा मासेमारीला जातात. चित्रकलेच्या तासाला तो फक्त होड्या काढतो. काय सुरेख काढतो! वल्हं, जाळं, नाळेवरचा डोळा, सगळं जागच्या जागी. एकदा त्यानं पानभर नुसतं पाणी काढलं. काळं, निळं, पुन्हा काळं. होडी नाहीच. मी घाईत होते. खाली लिहिलं, 'नेहमीसारखं नाही.' त्यानं ते वाचलं आणि पुढच्या तासाला मुकाट्यानं होडी काढून आणली. ती होडी पाहून मला कसंसंच झालं, कारण ती मनातून काढलेली नव्हती, माझ्यासाठी काढलेली होती. मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "त्या दिवशी होडी का नव्हती रे?"

"होती बाई," तो म्हणाला. "लांब होती. अजून दिसत नव्हती."

मी काय बोलणार? पान मागून घेतलं आणि ते वाक्य खोडलं. ते चित्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मला अचानक मामाचा टेम्पो आठवला. 'नेहमीसारखं नाही' हा शेरा मी पूर्वीही एकदा दिला होता! मग मी तो अल्बम फोनवर शोधला, कानाला हेडफोन लावले आणि जुन्या कॅसेटींची आठवण जाणूनबुजून बाजूला ठेवून तो ऐकायला बसले. ओळीनं तीन रात्री ऐकला.

काय सापडलं सांगू? पहिलं म्हणजे, २०१२ मध्ये मी टेम्पोच्या खरखरत्या स्पीकरवर अर्धं गाणं ऐकलंच नव्हतं. बेस गिटार तर बिलकुल ऐकू आली नव्हती. आपल्या नमनात मृदंग मध्येच थापेची चाल बदलतो आणि नाचणाऱ्यांचे पाय आपोआप बदलतात ना, तसं इथं बेस आणि ड्रम हे दोन नवे गडी मिळून करतात. वर गाणं शांतपणे चाललेलं असतं आणि खाली जमीन सरकत असते. एकदा हे कानाला कळलं, की गाणी लांब वाटत नाहीत.

दुसरं म्हणजे मिक्सिंग. हा शब्द समजून घ्या. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करता येतं. मग एक माणूस बसून ठरवतो, कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं, कुणाला डावीकडे, कुणाला उजवीकडे. आपल्या स्नेहसंमेलनात माइक पेटीजवळ ठेवला की गाणारी मुलं ऐकूच येत नाहीत. ते सांभाळणं म्हणजे मिक्सिंग. इव्हॉल्वचं हे काम टिम पामर या ब्रिटिश तंत्रज्ञानं केलं. पर्ल जॅम या अमेरिकन बँडचा १९९१ चा टेन हा गाजलेला अल्बमही त्यानंच मिक्स केला होता. हेडफोनवर ऐकताना प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे हे कळतं. कुणी कुणाला ढकलत नाही. (माझ्या वर्गात हे कधी होईल कोण जाणे.)

तिसरी गोष्ट उदय बेनेगलच्या आवाजाची. 'पूर्वीचा नाही' हे माझं म्हणणं अगदी बरोबर होतं, फक्त त्याचे मार्क मी उगाच कापले. जुन्या गाण्यांतला आवाज जग जिंकायला निघालेल्या मुलाचा आहे. इथला आवाज निघून, जिंकून, हरून, परत आलेल्या माणसाचा आहे. तो ओरडायची घाई करत नाही. एका गाण्याचं नाव टेक इट हार्डर आहे, एकाचं नो डिसग्रेस, म्हणजे यात लाज कसली! हे नाव वाचून मी हेडफोन काढून ठेवले आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. पंचा खांद्यावर टाकून बाजारात उभा असलेला मामा डोळ्यांपुढे आला.

आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात यायला हवी होती. हा बँड पहिल्यापासून बदलतच आला होता. त्यांनी परदेशी गाणी सोडून स्वतःची केली, नाव बदललं, गाण्यांत आपल्याकडचा रंग आणला. ते तसेच्या तसे राहिले असते, तर माझी लाडकी कॅसेट निघालीच नसती! मी स्वतःला त्यांची निष्ठावंत चाहती समजत होते. माझी निष्ठा होती ती १९९६ च्या पडवीवर.

आठही गाणी मला आवडली असं मात्र समजू नका. एक अजूनही आवडत नाही. त्यात उगाच फार वेळ काढलाय असं वाटतं. कुठलं ते इथं लिहीत नाही, कारण मामा हा अंक वाचणार आहे आणि ते त्याचं आवडतं आहे.

मेच्या सुट्टीत मी मामाकडे गेले. मामा आता साठीच्या घरात आहे. टेम्पो मुलगा चालवतो. मामा कलमं बघतो आणि शिमग्याला नमनात मृदंग वाजवतो. मी फोन पुढे केला आणि म्हटलं, "मामा, तेव्हा माझं चुकलं. चांगला अल्बम आहे हा. खूप चांगला आहे."

मामानं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "केव्हा ऐकलास?"

"मार्चमध्ये. तीन रात्री."

"बारा-तेरा वर्षं लागली की गं तुला," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. थोडा हसतही होता. मग म्हणाला, "पहिलं गाणं कुठलं?"

"फायरफ्लाइज."

"म्हणजे?"

"काजवे."

"मग ते घरात ऐकायचं असतं होय?"

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं अंगणातला दिवा घालवला. पाऊस चार-सहा दिवसांवर आला होता, हवा जड झाली होती. पडवीच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. बांधावरच्या झाडावर काजवे होते. आधी इकडे एक, तिकडे एक, मग एका फांदीवर सगळे एकदम लागायचे, एकदम विझायचे. मामानं आत जाऊन ती जुनी सीडी आणली. कव्हराची एक कड तुटलेली होती. मुलाच्या म्युझिक सिस्टीममध्ये ती घातली आणि आवाज हळूहळू वाढवत नेला. बेस सुरू झाला तशी त्याची बोटं मांडीवर चालायला लागली, मृदंगावर चालतात तशीच.

गाणं निम्म्यावर आलं असेल नसेल, तोच गोठ्याच्या बाजूनं मामीची हाक आली, "अहो, तो आवाज जरा कमी करा! म्हैस उठून उभी राहिलीय!"

मामानं आवाज दोन घरं खाली आणला. मग मामी आत गेल्याचं बघून एक घर पुन्हा वर चढवला.