आकाशकंदिलाचं भावंड

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवलात ना? आता डिसेंबर उजाडला, की एखाद्या संध्याकाळी आमच्या नवीन पनवेलला या आणि मान वर करून फिरा. कंदील गेले, पण त्यांच्या जागी काय लटकतंय बघा!

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं, की नवीन पनवेल सुरू होतं. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं आखलेली ही वसाहत. इथं आळ्या नाहीत, सेक्टर आहेत. आदई, विचुंबे, सुकापूर ही जुनी गावं शेजारी आहेतच; पण इमारतींमधली बहुतेक कुटुंबं बाहेरून आलेली. कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी केरळचं, तर कुणी गोव्याचं. त्यामुळे सण आले, की नुसती गॅलरी बघून कळतं, आत कोण राहतंय! डिसेंबरात एखाद्या गॅलरीत कागदाची मोठी पाचटोकी चांदणी लागते. आत दिवा, बाहेर लाल-पांढरा उजेड. समजायचं, इथं नाताळ आहे.

वर्गात चांदणी करायला घेतली, की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, आमच्या घरी नाताळ नसतो. मग आम्ही चांदणी का करायची?" प्रश्न अगदी रास्त आहे. घाईनं "करा म्हटलं ना!" असं सांगून तो मिटवण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शोधायला आपण थोडं फिरून येऊ.

पनवेलहून दिवामार्गे रेल्वेनं वसईला जाता येतं. वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांचं राज्य होतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा एक शब्द मराठीत कायमचा राहिला – नाताळ! त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा दिवस, येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. वसईच्या गावांमधली ख्रिस्ती मंडळी मराठी शाळांत शिकली, केळीच्या-फुलांच्या वाड्यांत राबली. त्यांच्या घरी नाताळात काय मांडतात, ठाऊक आहे? गोठा! येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून गवताचं छप्पर, गाई-मेंढरं, मेंढपाळ आणि गव्हाणीत निजलेलं बाळ. असा देखावा इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मांडला होता. त्यात खरा बैल आणि खरं गाढव होतं बरं का!

गोव्यात तर या गोठ्याभोवती हिरवं कुरण हवं म्हणून आधीच नाचणी पेरून ठेवतात. आता सांगा, हे ऐकून काही आठवलं? दिवाळीत आपण किल्ला करतो, त्यावर मोहरी नाहीतर अळीव टाकतो आणि रोज सकाळी उठून कोंब आले का ते पाहतो. तीच माती, तेच पाणी शिंपडणं, तीच घाई! त्यांच्या फराळाच्या ताटात करंजीसुद्धा असते. फक्त गोव्यात तिला नेवरी म्हणतात.

आणि चांदणी? जर्मनीतल्या नीस्की गावच्या एका शाळेत १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकवताना कागदाचा अनेक टोकांचा तारा करायला लावत. पुढे तो घरोघरच्या नाताळात गेला. म्हणजे ती चांदणी मुळात भूमितीचा गृहपाठ! आपल्या पाचटोकी चांदणीतही भूमिती आहेच. करून बघू या.

एकसारख्या लांबीच्या बांबूच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चांदणी बांधा. कामट्या एकमेकींच्या आलटून-पालटून वरून-खालून न्यायच्या, म्हणजे ती घट्ट बसते. तशीच दुसरी करा. आता दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्यानं बांधा. मधे जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन्ही चांदण्यांच्या मधे बोटभर लांबीच्या काड्या उभ्या बसवा. बघा, चपटी चांदणी कशी फुगली! वर पतंगाचा कागद लावायचा. खळ घरीच करा. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवली, की झाली. गॅसजवळ मात्र आई किंवा बाबा हवेतच. एक त्रिकोण उघडा ठेवा, म्हणजे दिवा आत सोडता येईल. दिवा छोटा एलईडीचाच घ्या, तो फारसा तापत नाही. मेणबत्ती अजिबात नको.

बाकीच्या सजावटीला बाजारात जायची गरज नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, तेव्हा ते नकोच. घरात साठलेल्या लग्नपत्रिका काढा. त्यांच्या सोनेरी कागदाच्या छोट्या चांदण्या आणि घंटा होतात. अलिबागजवळ आक्षी-नागावला गेलात, तर किनाऱ्यावर सुरूची झाडं दिसतील. त्यांची खाली पडलेली खरबरीत फळं वेचून आणा. दोऱ्यात ओवून माळ करा. नाचणी मात्र पंधरा डिसेंबरच्या सुमारास पसरट ताटलीत पेरा, म्हणजे चोवीसला कुरण तयार!

एक गोष्ट लक्षात ठेवा. गणपतीचं मखर जसं आपण हात धुऊन, जपून करतो, तसाच गोठाही कुणाच्या तरी श्रद्धेचा असतो. तो करायचा असेल, तर ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांना विचारून, त्यांच्याबरोबर करा.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. एखाद्या इमारतीत नाताळ असलेलं घर एकच असतं. दिवाळीत त्या घरातला मुलगा सगळ्यांबरोबर किल्ल्यासाठी माती आणतो, फराळाची ताटं पोचवतो. डिसेंबरात मात्र त्याची चांदणी एकटीच लागते. सणाचा दिवस आणि खेळायला कुणी नाही, असं कसं चालेल? आपल्या घरी नाताळ नसेना का, त्याच्या घरी आहे ना! त्याला मदतनीस हवेत आणि आपल्याला कंदील बांधायची सवय आहे.

तेव्हा माळ्यावरचा कंदील खाली काढा. कागद फाटला असला, तरी कामट्या शाबूत असतील. त्या घ्या आणि शेजारची बेल वाजवून विचारा, "काकू, यंदा चांदणी आपण सगळ्यांनी मिळून करायची का?"