कडी काढू नका

मी नाणी जमवतो हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाकडे वाटणी निघाली, मुलीचं लग्न ठरलं किंवा आजारपणाचा खर्च उभा राहिला की जुनी माळ रुमालात बांधून माझ्याकडे येते. प्रश्न ठरलेला असतो: “मोडीत घालायची, की याचे जास्त येतील?” वाईच्या मावशीची माळ आली तेव्हाही हाच प्रश्न होता. तिला गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि मुलाकडे पैसे मागायची तिची तयारी नव्हती.

माळेत बहुतेक पुतळ्या होत्या, मधोमध पदकाच्या जागची मोहोर मात्र सुटी आली होती. वेगळ्या पुडीत तिच्या सासूच्या गळ्यातले राणीछाप रुपये होते. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर कडी झाळलेली.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट. 1284 साली ते पाडायला सुरुवात झाली आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्यावरचं चित्र जवळजवळ बदललं नाही. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा येशू. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ शुद्ध. व्यापारातून ही नाणी आपल्याकडे आली, बायकांच्या गळ्यात गेली, आणि मागणी वाढली तशी इथल्या सोनारांनीही त्याच चित्राची पुतळी पाडली. देशी पुतळीवर रोमन अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या दिसतात. मावशीच्या माळेत देशी पुतळ्याच जास्त निघाल्या. अस्सल अशा थोड्याच, आणि त्यांतल्या एकीवर शेवटचा डोज लुडोव्हिको मॅनिन याचं नाव भिंगाखाली अजून लागत होतं. अंगावर घासून घासून येशूची छाती आणि डोजचा झगा मात्र सपाट झाला होता.

“व्हेनिसचं नाणं” म्हटल्यावर घरातल्यांचे डोळे चमकले. त्यांना खरं ते सांगावं लागलं. ही नाणी जगात भरपूर आहेत. कुणाला हवं असेल तर तो बिनकडीचं, न झिजलेलं घेतो. झिजलेल्या, झाळलेल्या पुतळीला सोन्याच्या भावावर फार काही मिळत नाही.

मोहोरेची गोष्ट वेगळी होती, आणि तिच्याबद्दल मला अजून हळहळ वाटते. ईस्ट इंडिया कंपनीची 1841 ची मोहोर ती. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडापुढे चालणारा सिंह. ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, सोनं 22 कॅरेट. ही मोहोर सहजासहजी हाती लागत नाही. मावशीच्या मुलाने ती माझ्याकडे येण्याआधीच एका सोनाराकडे नेली होती. कडी कापली, झाळण कानशीने घासली आणि वर छान उजाळाही देऊन घेतला. त्याचा हेतू चांगला होता. नाणं कडीशिवाय, स्वच्छ दिसलं तर आईला चार पैसे जास्त मिळतील, इतकंच त्याच्या मनात होतं.

त्याच्या मोबाइलमध्ये आधीचा फोटो होता. तो आणि समोरचं नाणं मी शेजारी ठेवून पाहिले. फोटोत अक्षरांच्या खाचांत जुना काळसर-तांबूस थर होता आणि मोकळ्या जागेत टाकसाळीतल्या ठोक्याची मूळ झाक थोडी शिल्लक होती. आता ते सगळं गेलं होतं. सगळा पृष्ठभाग एकसारखा लखलखीत, आणि नाणं उजेडात तिरकं धरलं की त्यावर केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने धावताना दिसत. कडीच्या जागी अर्धचंद्राचा सपाट चट्टा, तिथले कडेचे कंगोरे पुसलेले. वजनही भरत नव्हतं.

मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याला मी दोन्ही दाखवलं. तो म्हणाला, “कडीसकट आणलं असतंत तर मी जास्त दिले असते.” मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं. कडीचं नुकसान एका जागी असतं. ते किती हे घेणाऱ्याला दिसतं आणि बाकीचं नाणं त्याला जसंच्या तसं मिळतं. पॉलिशने नाण्याचा कणन्‌कण बदलतो. एनजीसी, पीसीजीएस या परदेशी संस्था नाण्याची प्रत 1 ते 70 या मोजपट्टीवर ठरवतात. दागिन्यात वापरलेल्या, कडी काढलेल्या, भोक पाडून बुजवलेल्या किंवा पॉलिश केलेल्या नाण्याला मात्र त्या सहसा आकडा देत नाहीत, दोष नोंदवून मोकळ्या होतात. तो शेरा पडला की किंमत खाली येते. नाणं जितकं जास्त मिळणारं, तितकी ती सोन्या-चांदीच्या भावापर्यंत घसरते. दुर्मिळ नाणं घसरूनही धातूच्या बरंच वर राहतं. जहांगीर बादशहाच्या राशींच्या मोहोरा घ्या. महिन्याच्या नावाऐवजी राशीचं चित्र असलेल्या त्या मोहोरा इतक्या जणांनी दागिन्यात घातल्या, की लिलावात त्यांच्यावर कडीच्या खुणा वारंवार आढळतात. तरीही त्यांच्यासाठी संग्राहकांची झुंबड उडते.

झाळण कुठे पडली यालाही फार महत्त्व आहे. मावशीच्या पुडीतल्या रुपयांपैकी 1840 चा एक रुपया मी बराच वेळ उलटसुलट केला. त्या सालाच्या रुपयाचे मुख्य प्रकार दोन. एकात “व्हिक्टोरिया क्वीन” ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात ती डोक्याच्या दोन बाजूंना तुटून असतात. म्हणजे प्रकार ओळखायची खूण नेमकी डोक्यावर, आणि सोनाराने कडी झाळलेलीही तिथेच. वितळलेली चांदी पसरून ती जागा भरली होती. नाणं फिरवत, कडेने उजेड पाडत गेलो तेव्हा झाळणीच्या खालून एका अक्षराचा पाय बाहेर आलेला दिसला आणि लेख सलग आहे हे कळलं. कानस चालली असती तर ते अक्षरही गेलं असतं. कडी तशीच होती म्हणून नाणं वाचता आलं.

बायकांनी नाणी अंगावर घातली याला मी नुकसान म्हणायला तयार नाही. गाठीचं सोनं-चांदी जपायची त्यांची ती रीत होती, आणि त्यामुळेच कित्येक नाणी मुशीत न जाता आपल्यापर्यंत आली. मला राग येतो तो आज, विकायच्या आदल्या दिवशी होणाऱ्या दुरुस्तीचा.

मावशीने देशी पुतळ्या सोन्याच्या भावाने दिल्या. ऑपरेशनचा बराचसा खर्च त्यातून निघाला. मोहोर अपेक्षेपेक्षा कमीत गेली. 1840 चा रुपया तिने सुनेला दिला, कडीसकट.

तुमच्याकडे अशी माळ असेल तर एवढं करा. मोडीत घालण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा पाहून आलात तरी नजर तयार होईल. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. घालायची हौस असेल तर नाणं न तापवता, न झाळता, नुसत्या कड्यात बसवून घ्या. आणि चिंच, रिठा, टूथपेस्ट, सोनाराचं तेजाब यांतलं काहीही जुन्या नाण्याला लावू नका.