वहीतलं आमचं नाव



दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपली की आम्ही दोघं चर्चच्या मागच्या खोलीत तांदूळ मोजायला बसतो. पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची एक पिशवी, साबण, चहापूड. वहीत सध्या १९ नावं आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. ११ वर्षं ही वही आमच्याकडे आहे. मागच्या महिन्यात फादरांनी ती चाळता चाळता सहज विचारलं, "आणि तुमचं दोघांचं कसं चाललंय?" आम्ही एकदमच म्हणालो, "देवाच्या कृपेनं उत्तम." घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

उत्तम चाललेलं नाही. आमच्यापैकी एकानं बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या शेडमध्ये ३१ वर्षं लेथ चालवला. वीस माणसं असली तरच पीएफचा कायदा सक्तीनं लागतो, आमच्या शेडमध्ये कधी १२, कधी १४. मालक वाईट नव्हते, नाताळला कापड द्यायचे. पण काम सुटलं त्या दिवशी हातात त्या महिन्याचा पगार आणि एक शाल होती. दुसरीनं घरी शिवणकाम केलं, आता सुईत दोरा ओवता येत नाही. भिशी लावली होती. ती आईच्या आजारपणात आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीमध्ये गेली, आणि तिथं ती जायलाच हवी होती. मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, जमेल तसं पाठवतो. गृहलक्ष्मीचे २००० येतात. ते घेताना लाज वाटत नाही, कारण गल्लीत सगळ्यांनाच येतात!

योसेफानं मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, हे आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा शिकवलं असेल. आमच्याकडे सुकाळाची सात वर्षं कधी सलग आलीच नाहीत. पण खरं सांगायचं तर थोडं आळसानंही राहिलं. आकाशातल्या पाखरांबद्दलचं प्रभूचं बोलणं आम्ही कधीकधी पासबुक न उघडण्याची सबब म्हणून वापरलं. तरुणांनो, तुमचं वय १८ ते ४० मध्ये असेल आणि तुम्ही आयकर भरत नसाल, तर बँकेत जाऊन अटल पेन्शनबद्दल विचारा. साठीनंतर महिन्याला १००० ते ५००० रुपये मिळतात, जसा हप्ता भराल तसे. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आमचं वय केव्हाच निघून गेलं होतं.

वहीतल्या एका मावशींचा वृद्धापवेतनाचा अर्ज तीन महिने पत्र्याच्या डब्यात पडून होता. अर्ज कन्नडमध्ये, मावशींना मराठीसुद्धा जेमतेम वाचता येतं. आम्हाला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. शेवटी गायनवृंदातला, कन्नड माध्यमात शिकलेला एक मुलगा बसला आणि त्यानं अर्ध्या तासात तो भरून टाकला. तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय आठवला. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार झाली, प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांना त्या बायकांची भाषा येते अशांच्या हाती वाटप गेलं असणार, असं आम्हाला वाटतं.

अर्ज भरून झाल्यावर त्या मुलानं विचारलं, "काका, तुम्हाला ६५ झाली ना? संध्या सुरक्षाचे १२०० मिळतात. तुमचा फॉर्म कुठाय?"

६६ झाली होती. वर्षभर आम्ही दुसऱ्यांना त्याच योजनेचा रस्ता दाखवत होतो, स्वतःचा अर्ज केला नव्हता. १२०० म्हणजे गॅसचं एक सिलिंडर आणि वर काही गोळ्या, नाकारण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो. मग का? त्या रात्री दोघांनी एकमेकांना कबूल केलं. तांदळाच्या मापट्यामागे बसलं की आपण टेबलाच्या अलीकडचे, असं वाटायचं. मापटं हातात आहे तोवर आपण गरीब नाही.

झोप येईना म्हणून तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढलं, पाचवा अध्याय. तिथंही एक यादी आहे, साठ वर्षांवरच्या विधवांची. मुलाबाळांनी आधी आपल्या घरच्यांचं करावं, हे पौल स्पष्ट सांगतो, तो भाग पाठ होता. पण यादीत कुणाला घ्यायचं ते आम्ही इतकी वर्षं घाईनं वाचलं होतं. जिनं परक्यांना घरात घेतलं, पवित्र जनांचे पाय धुतले, संकटात सापडलेल्यांना हात दिला, तिचं नाव. म्हणजे कालपर्यंत वाढणाऱ्याच बायका होत्या त्या. पौलाच्या यादीत टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळी माणसं नव्हतीच. आम्ही तो अध्याय दोनदा वाचला आणि दिवा मालवला.

सोमवारी त्या मुलाला घेऊन नाडकचेरीत गेलो. आधार, रेशनकार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला. रांगेत आमच्या पुढे आमच्याच वहीतल्या दोन बायका होत्या. एकीनं पिशवीतला चटईचा तुकडा काढून आम्हाला बसायला दिला.

फादरांना सांगायचं काम अवघड गेलं. ते काही बोलले नाहीत, फक्त वही पुढे सरकवली. विसाव्या ओळीवर नाव लिहायला आमच्या दोघांपैकी कुणाचाच हात उचलेना. शेवटी पेन त्या मुलाकडे दिलं. त्याचं मराठी लिहिणं कच्चं आहे, आमच्या आडनावात त्यानं एक वेलांटी चुकवली. ती आम्ही दुरुस्त केलेली नाही.

या रविवारी २० पिशव्या भरल्या. विसावी भरताना तांदूळ जरा जास्त पडले की काय असं वाटलं, म्हणून परत मोजून घेतले.