वत्सगुल्माचा ताम्रपट आणि घरची वंशावळ

जिल्ह्याचा इतिहास म्हणजे राजांच्या नांवांची जंत्री, आणि वंशावळ म्हणजे पेटींत जपून ठेवावयाचा कागद, असा सामान्य समज आहे. आम्हां वाशीमकरांस मात्र या दोहोंचें नातें फार जवळचें वाटतें.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथें इ. स. १९३९ मध्यें उजेडांत आला. त्यांत दान आहे एका गांवाचें; परंतु राजानें आधीं पितामह प्रवरसेन व पिता सर्वसेन यांचीं नांवें सांगितलीं. वंशवर्णन संस्कृतांत, दानाचा व्यवहार प्राकृतांत. एवढ्या वंशवर्णनावरून एक विस्मृत राजशाखा इतिहासास परत मिळाली.

परंतु तेथें मातेचें नांव नाहीं. आमच्या घरच्या वंशावळींतहि तोच प्रकार. सात पिढ्यांचे पुरुष क्रमानें लिहिलेले, नातीनें विचारलें, "आजोबा, यांच्या आया कोण?" आम्हांस तीनच नांवें सांगतां आलीं, आणि तींहि सासरचीं. कोणी रिसोडची, कोणी कारंज्याची, एवढेंच आम्ही ऐकलेलें. लग्नांत नांव बदललें कीं माहेरचें नांव माहेरींच राहतें, आणि दोन पिढ्यांत तेथूनहि पुसलें जातें.

ही रीत शास्त्राची म्हणावी, तर महालयाच्या संकल्पांत माता, पितामही, प्रपितामही यांचा नामोच्चार विहितच आहे. इतिहासाची म्हणावी, तर वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेची राणी प्रभावतीगुप्ता हिनें पुण्यास सांपडलेल्या आपल्या ताम्रपटांत पिता चंद्रगुप्तासह माता कुबेरनागा व तिचें नागकुल आवर्जून नोंदविलें आहे. मग आपल्याच कागदावर ही जागा रिकामी कां?

जिल्ह्याच्या सीमा सरकार बदलतें. जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्यें मोडून अकोला-यवतमाळांत वांटला गेला, व १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु गांवास गांव जोडलें तें लेकीसुनांनीं. त्यांच्या नांवांवांचून जिल्ह्याचा इतिहास अर्धाच होय.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका, कोतवाल-बुकांतील जन्ममृत्यूच्या नोंदी, हीं साधनें आहेतच. त्याहून मोठें साधन म्हणजे घरांतील वृद्ध स्त्रियांची स्मृति. आणि ती कोणाची वाट पाहत नाहीं. वाचकहो, त्यांचें माहेर, जन्मनांव व आईचें नांव आजच विचारून लिहून ठेवा.