सावंत साहेबांचे निकाल कोण वाचणार?

15 फेब्रुवारी आला की न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो आमच्या मोबाईलवर फिरू लागतो. 2021 साली याच दिवशी पुण्यात त्यांचे निधन झाले. फोटोखाली 'विनम्र अभिवादन' आणि एल्गार परिषदेबद्दल दोन ओळी. आम्हीही तेच पुढे पाठवत होतो. मग एका वर्षी विहारातल्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारले, "दादा, साहेबांनी निकाल कोणता दिला होता?" आम्ही सात-आठ कार्यकर्ते एकमेकांकडे बघत राहिलो.

एल्गार परिषदेची आठवण खोटी नाही. 31 डिसेंबर 2017 ला शनिवारवाड्यावर झालेल्या परिषदेचे निमंत्रक सावंत आणि न्या. कोळसे पाटील होते. पुढे माओवादाचा शिक्का मारून अटकसत्र सुरू झाले तेव्हा 'आयोजक आम्ही आहोत' असे दोघांनी जाहीरपणे सांगितले. निवृत्तीनंतर सरकारी खुर्चीकडे डोळे लावून बसणाऱ्यांच्या काळात, नव्वदीकडे झुकलेला माणूस हे बोलत होता. पण तेवढेच आठवणे आपल्या सोयीचे आहे. त्यासाठी काही वाचावे लागत नाही.

म्हणून आम्ही मंडल निकालाच्या झेरॉक्स काढल्या. इंद्रा साहनी खटला, 16 नोव्हेंबर 1992, नऊ न्यायमूर्तींचे घटनापीठ. सावंत बहुमतात होते, तरी त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. एका बैठकीत दोन पाने, कधी तेवढीही नाहीत. इंग्रजी आम्हाला जड जाते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुद्दा कळला तेव्हा हायसे वाटले. कलम 16(4) खालचा मागासवर्ग केवळ गरिबीवरून ठरत नाही. आधी सामाजिक मागासलेपण, त्यातून आलेले शैक्षणिक आणि आर्थिक मागासलेपण. प्रश्न प्रशासनातल्या प्रतिनिधित्वाचा आहे. आरक्षण म्हणजे गरिबी हटाव कार्यक्रम नव्हे, हे आपण चौकात ओरडून सांगतो, ते तिथे कायद्याच्या भाषेत मांडलेले आहे. नरसिंह राव सरकारने 1991 मध्ये काढलेले आर्थिक निकषावरचे 10 टक्के आरक्षण याच खटल्यात रद्द झाले. 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती करून तेच 10 टक्के परत आले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केले. तेव्हा आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली. सावंतांचे निकालपत्र मात्र आमच्यापैकी एकाच्याही पिशवीत नव्हते.

बाकीचे थोडक्यात. 1994 च्या बोम्मई खटल्यात सरकारचे बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात ठरते, असे म्हणणाऱ्यांत ते होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा 1995 चा निकालही त्यांच्याच पीठाचा. गुजरातच्या हिंसाचारानंतर 2002 मध्ये न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. सुरेश यांच्यासोबत नागरिकांच्या न्यायाधिकरणावर ते बसले.

आता न आवडणारी गोष्ट. त्याच मंडल निकालाने ओबीसींना क्रिमी लेअर लावला, 50 टक्क्यांची मर्यादा घातली आणि पदोन्नतीत आरक्षण 16(4) मध्ये बसत नाही असे म्हटले. अनुसूचित जाती-जमातींची पदोन्नती वाचवण्यासाठी संसदेला 1995 मध्ये 77 वी घटनादुरुस्ती करावी लागली. हे सोडून केलेले अभिवादन म्हणजे भक्ती झाली, आणि भक्तीबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला इशारा दिलेला आहे.

गेल्या रविवारी हाच भाग निघाला. अभ्यासवर्गातले एक काका सरकारी नोकरीत आहेत, पदोन्नतीची फाईल कित्येक वर्षे अडकलेली. ते चिडले. "मग हे साहेब आपले कसे?" आम्ही समजावायला लागलो, तर त्या मुलीने थांबवले. "काका, त्यांनी कारण काय दिलंय ते अजून वाचायचं राहिलंय. ते वाचू, मग भांडू." काका गप्प बसले नाहीत, पण चष्मा काढून त्यांनी झेरॉक्स जवळ ओढली. दहा वाजता विहार बंद करावा लागला तेव्हा दीड पान झाले होते.