बरं, मग?

भाषणाला उभा राहिलेला माणूस ‘मी काही तयारी करून आलेलो नाही’ म्हणाला, की मी घड्याळाकडे बघतो. असा माणूस तासभर तरी खाली बसत नाही. आयत्या वेळचं बोलणं ऐकायचं असेल, तर सभागृह सोडून जत्रेतल्या तमाशाच्या फडाकडे जावं.

गण झाला, गवळण सरली, की ढोलकी जरा दम खाते आणि बतावणी सुरू होते. सरदार सरळ विचारतो, सोंगाड्या मुद्दाम वाकडं ऐकतो. बोलणं कुठे जाणार, याचा दोघांनाही पुरता अंदाज नसतो. जुन्या फडांत वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाट्याचंही तेच: कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद मात्र बोर्डावर उभं राहिल्यावर सुचायचे. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’ या वगातला सावळ्या कुंभार लोक पुन्हा पुन्हा बघत, कारण आज तो काय बोलेल याचा नेम नसे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य तर वसंत सबनिसांनी रीतसर लिहून दिलेलं, तरी दादा कोंडके त्यात चालू राजकारणाची भर घालतच.

सरकारला हे झेपलं नाही. स्वातंत्र्यानंतर वगाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवणं आलं. जे अजून ओठांवरही आलेलं नाही, ते कागदावर कसं दाखवायचं?

तयारी नसते असं नाही. पोरवयापासून मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांत उभं राहून हशा कुठे पिकतो आणि कुठे मरतो, हे सोंगाड्याच्या कानांत मुरलेलं असतं. पण मला खरं नवल वाटतं ते सरदाराचं. हसू दाबून ‘बरं, मग?’ एवढंच म्हणणारा तो नसता, तर सोंगाड्या चार वाक्यांत कोरडा पडला असता. सरदारालाच विनोद करायचा मोह झाला, की बतावणी बसलीच म्हणायची. योग्य जागी प्रश्न टाकून गप्प राहायचं, हे बोलण्याइतकंच अवघड काम. टाळ्या मात्र सगळ्या सोंगाड्याच्या पदरात.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्यांना एकच विनंती. नाचणाऱ्या किती, हे विचाराच. पण बतावणी किती वेळ चालते, तेही विचारा. फिल्मी गाण्यांच्या घाईत हल्ली आधी कात्री लागते ती तिलाच.